रोज चालणाऱ्या बाई आणि दिवेघाट

दिवाळीचा फराळ संपला की माझा फोन वाजायला लागतो. बहुतेकांना वजन उतरवायचं असतं, तेही लग्नसराईच्या आत. त्या नोव्हेंबरात ज्या बाईंनी फोन केला त्यांना वजनाशी काही देणंघेणं नव्हतं. वय ६१, मराठी शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, राहायला सहकारनगरात, रोज पहाटे तळजाईवर पाऊण-एक तास फिरणं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: "यंदा मला माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायचंय. आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना माझे पाय चेपायला लागता कामा नयेत."

हे प्रकरण बाईंच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. फिटनेस कोच म्हणून मी कशी विचार करते हे सांगायला मला हे प्रकरण बरं वाटतं, कारण यात चमत्कार काही नाही. वजन तर एक किलोने वाढलंच.

बाईंचा प्रश्न साधा होता: "रोज चार किलोमीटर चालते. तेच हळूहळू वाढवत नेलं की झालं, नाही का?" मला तसं वाटत नव्हतं. का वाटत नव्हतं, ते समजायला आधी त्या दिवसाकडे नीट बघावं लागतं.

त्या दिवसाची मागणी

माउलींची पालखी आळंदीहून निघते, पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन मुक्काम करते आणि मग सासवडला जाते. हा टप्पा ३० किलोमीटरच्या आसपासचा, वारीतल्या मोठ्या टप्प्यांपैकी एक. पहाटे निघालेला माणूस सासवडला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. हडपसर, उरुळी देवाची, वडकी नाला, आणि मग पाय आधीच दमलेले असताना समोर दिवेघाट.

मी कुणाचंही काम हातात घेतलं की आधी कागदावर असं मागणीपत्र लिहिते. त्या दिवसाच्या कागदावर अंतर होतंच, पण मला जास्त काळजी बाकीच्या गोष्टींची होती. पहिली, दहा-बारा तास पायांवर असणं. यातलं बरंच चालणं नसतं, उभं राहणं असतं: गर्दी अडते, दिंडी थांबते, पुन्हा निघते. तळजाईच्या मऊ मातीवर एका लयीत चालणाऱ्या पायांना हे रखडणं जड जातं. दुसरी, डांबर. तिसरी, पाठीवरची पिशवी: पाण्याची बाटली, रेनकोट, डबा धरून तीनेक किलो. चौथी गोष्ट बाईंनी आपणहून सांगितली नाही, मला विचारावी लागली. हा टप्पा साधारण ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो, आणि बाई एकादशी करतात. बाईंना मधुमेह आहे.

पहिली भेट

घरी गेले तेव्हा काका, म्हणजे बाईंचे यजमान, पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न ठेवता विचारलं, "हिला कशाला कोच? ही तर काडी आहे."

उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५४ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, साडेबावीस. भारतीयांसाठीची जी मर्यादा धरतात, २३, तिच्याही आत. कंबर मात्र ८६ सेंटिमीटर. भारतीय बाईसाठी ८० च्या पुढे गेली की डॉक्टर सावध होतात. दंड बारीक, मांड्या बारीक, मेद सगळा पोटाशी. पुण्याला हे चित्र नवीन नाही. इथल्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघे शेजारीशेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं काट्यावर बारीक आणि आतून मेदाळ असू शकतात, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. मी काकांना हे सांगितलं. त्यांनी पेपरची घडी केली आणि स्वतःच्या पोटाकडे बघितलं.

मग चाचण्या घेतल्या. माझ्या चाचण्यांना यंत्र लागत नाही, हात्यांविना एक खुर्ची आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, हे पहिलं. साठी ओलांडलेल्या, पासष्टीच्या आतल्या बाईला बारा तरी जमायला हवेत असं धरतात. रोज चालणाऱ्या बाईंना जमले नऊ, आणि शेवटच्या दोन वेळा त्या खुर्चीत बसल्या नाहीत, पडल्या. एका पायावर उभं राहणं: उजव्या पायावर १४ सेकंद, डाव्यावर ६. भिंतीला बोट टेकवून एका पायाच्या चवड्यावर वर उठणं: उजव्याने दहा, डाव्याने चार, पाचव्याला टाच उचललीच नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना काही होत नाही, उतरताना डावा गुडघा कुरकुरतो, असं त्यांनीच सांगितलं.

चित्र मला इथेच स्पष्ट झालं. बाईंचा दम चांगला होता. तळजाईचा चढ त्या गप्पा मारत चढायच्या. कमी पडत होती ती ताकद. चालताना प्रत्येक पाऊल म्हणजे क्षणभर एका पायावर उभं राहणं, आणि ३० किलोमीटरमध्ये ते चाळीस-पन्नास हजार वेळा होतं. ज्या पायाला सहा सेकंद तोल धरता येत नाही आणि चार वेळा टाच उचलता येत नाही, त्याला आणखी किलोमीटर चालायला लावले तर तो शिकणार काय? दुखणं लपवायला. म्हणून पहिले दोन महिने चालणं आहे तेवढंच ठेवायचं आणि आठवड्यातून दोनदा उचलायचं, असं मी सुचवलं.

"उचलायचं? काय उचलायचं?"

"वजनं."

"अगं, मला वारीला जायचंय, तालमीत नाही."

मी कुठून आले

इथे माझं थोडं सांगते, कारण हा आग्रह कुठल्या पुस्तकातून आलेला नाही.

मी मैदानातून आले. लहानपणी टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्रीय मंडळात मल्लखांबाला जायचे. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली सुरू केलेली ही संस्था. पुण्यातल्या कित्येक घरांत आजी, आई, नात तिघींनी तिथे सूर्यनमस्कार घातलेले असतात. पुढे कबड्डी. कबड्डीत पकड करताना माझ्या गुडघ्याचा आतला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, आणि नंतरचे महिने मी एका फिजिओथेरपिस्ट ताईंच्या हाताखाली काढले. मला वाटायचं त्या मला पळायला लावतील. त्यांनी पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवायला लावला. पुन्हा वर, पुन्हा सावकाश खाली. कितीतरी आठवडे तेवढंच. कंटाळवाण्या कामावर माझा विश्वास तिथे बसला.

शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, मग एका मोठ्या जिममध्ये ट्रेनर म्हणून लागले. तिथलं नाव घेत नाही. तिथे दर महिन्याला किती पर्सनल ट्रेनिंगची पॅकेजं खपवली याचा तक्ता भिंतीवर असायचा. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला इतका पिळायचा की त्याला वाटावं, आपल्याला काहीच येत नाही, कोच हवाच. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येत नसे, आणि यालाच 'रिझल्ट' म्हणत. मला ते जमलं नाही. आता मी घरोघरी जाते, एका वेळी मोजके लोक घेते, आणि वर्षाचे पैसे आगाऊ घेत नाही. महिन्याचे घेते. ज्याला महिन्याअखेरी फरक जाणवत नाही तो सोडू शकतो, ही टांगती तलवार मला कामाला लावते.

आणखी एक गोष्ट. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. चार दिवसांचा कोर्स केलेला माणूसही कोच, मीही कोच. त्यामुळे कुठे थांबायचं हे ज्याचं त्यानेच ठरवावं लागतं. औषध, निदान आणि आजारी माणसाचा आहार या तीन ठिकाणी मी थांबते. बाईंच्या बाबतीत पहिलाच सेट घेण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं: रक्तदाब, हृदय, डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांची संवेदना. मधुमेह्याच्या तळपायाला टोचलेलं कळतंय का, हे तपासल्याशिवाय त्याला लांब चालायला लावणारा कोच मला बेजबाबदार वाटतो. डॉक्टरांनी सगळं तपासून हिरवा कंदील दाखवला. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, तेव्हा ७.४ होती.

बादलीपासून सुरुवात

तालमीच्या मुद्द्यावर मी वाद घातला नाही. बाईंना न्हाणीघरात नेलं आणि भरलेली बादली उचलायला सांगितली. त्यांनी उचलली, कमरेतून वाकून, पाठ गोल करून, श्वास रोखून.

"ही दहा किलोची आहे. तुम्ही रोज वजनं उचलताच, बाई. मी फक्त नीट उचलायला शिकवणार."

पहिले काही आठवडे खुर्ची, घरातली एक लांब काठी आणि जिन्याची सर्वांत खालची पायरी एवढ्यावर भागलं. काठी पाठीला लावायची, डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेले ठेवून कुल्ले मागे ढकलत वाकायचं. एकदा हे वाकणं अंगात बसलं की मग हातात काहीही द्या. खुर्चीवर बसायचं ते चार आकडे मोजत. पायरीवर चढून पाय खाली टेकवायचा तोही मोजत, कारण गुडघा उतरताना कुरकुरत होता. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू भाराखाली लांबत काम करतो, आणि नेमकं हेच काम सपाट चालण्यात त्याला फारसं पडत नाही. दोन्ही हातांत तांदळाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या घेऊन गच्चीवर फेऱ्या, हे बाईंना सगळ्यांत आवडलं. "मंडईतून येताना हेच करत होते की इतकी वर्षं."

किती करायचं याचा माझा नियम बाईंना विचित्र वाटला. अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटतं तिथे थांबायचं. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला अर्धवट सोडणं पटत नाही. पण साठीनंतर एका दिवसात किती केलं याला फारशी किंमत नसते. परवा पुन्हा करता आलं का, याला असते. गुडघ्याच्या दुखण्याचंही तसंच. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं, तर चालू ठेवायचं. त्याहून वर गेलं किंवा सकाळी जास्त दुखलं, तर भार उतरवायचा. बाई एका जुन्या वहीत हे आकडे लिहायच्या, समासाची रेघ आखून.

संक्रांतीपर्यंत खुर्चीतून उठण्याचा आकडा बारावर आला. मग मी खरी वजनं आणली. फेब्रुवारीत आठ किलोचा डंबेल छातीशी धरून बसणं-उठणं, मार्चअखेर बारा किलोचा. हेच वजन त्यांनी नोव्हेंबरात बघितलं असतं तर मला दारातूनच परत पाठवलं असतं.

या दिवसांत आहाराचंही निघालं. तक्ता देणं माझं काम नाही, तो डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिला. पण मी एक गोष्ट बघते, ताटात प्रथिनं किती. सकाळी चहा-खारी, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री मऊ खिचडी. भारतीय शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तरी बाईंना ४५ ग्रॅम हवीत, आणि स्नायू बांधायचे तर त्याहून जास्त. एवढ्यात ती बसत नव्हती. अंडं घरात येत नाही. मग खारीच्या जागी मुगाचं धिरडं आणि दही, बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे, रात्री खिचडीत डाळ तांदळाएवढीच. काकांना खिचडी आवडली नाही. त्यांनी महिनाभर तक्रार केली आणि खाल्ली.

टाच

मार्चमध्ये लांबच्या चालण्याचा आकडा दहा किलोमीटरपर्यंत आला होता. ते फक्त रविवारी, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी. बाईंना हा वेग गोगलगायीचा वाटत होता. मैत्रिणीबरोबर एके दिवशी त्या वेताळ टेकडीवर गेल्या, तिथून पुढे आणखी कुठेकुठे, आणि वहीत लिहिलं ते थेट '१७ किमी, छान'. तीन दिवसांनी फोन: सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की डावी टाच सुईसारखी टोचते, दहा पावलं चाललं की कमी होते.

तळपायाचा पडदा ताणला गेल्याची ही नेहमीची खूण. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तळजाईच्या मंडळींकडून सल्ले सुरू झाले: पूर्ण विश्रांती, बर्फ, गरम मिठाचं पाणी, टाचेखाली मऊ गादी. एकाने सांगितलं, वजनं उचलून टाच गेली. बाई घाबरल्या आणि म्हणाल्या, "वजनं बंद करूया."

मी नेमकं उलट केलं. चालणं कमी केलं, रोजचं दोन किलोमीटरवर आणलं, रविवारचं थांबवलं. वजनं चालू ठेवली. भर एकाच व्यायामावर दिला: जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, तीन आकड्यांत वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. एक दिवसाआड. गुंडाळीमुळे बोटं वर वळतात, तळपायाचा पडदा ताणला जातो आणि तो पोटरीबरोबर भार घ्यायला शिकतो. हे औषधासारखं दोन दिवसांत काम करत नाही. बाईंच्या टाचेला दोन महिन्यांहून थोडा जास्त वेळ लागला. पण रविवारचं चालणं त्याआधीच, पाचव्या आठवड्यात, सहा किलोमीटरने परत सुरू झालं, कारण सकाळचं टोचणं दहापैकी दोनवर आलं होतं.

चवड्यावर चारच वेळा उठणारा डावा पाय आणि टोचणारी डावी टाच, हा योगायोग नव्हता. १७ किलोमीटर हे निमित्त. कमजोरी नोव्हेंबरातच कागदावर होती, आणि तिथे पोचायला आम्हाला आणखी वेळ हवा होता. आधी नुसतं चालणंच वाढवत नेलं असतं तर ही टाच जानेवारीतच बोलली असती, असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही.

एप्रिल-मेमध्ये पुण्याचं ऊन चाळिशीकडे जातं, म्हणून रविवारी पहाटे साडेपाचला बाहेर. घाटाचा सराव बोपदेव घाटात केला, कोंढव्याच्या बाजूने चढून. सिंहगडाचा आग्रह बाईंनी धरला होता, मी नको म्हटलं. आतकरवाडीची वाट दगडांची, उताराची. त्या दिवशी उतरायचं नव्हतंच, डांबरावर चढायचं होतं. जूनच्या सुरुवातीला सर्वांत लांब चालणं २२ किलोमीटरचं झालं. ३० पूर्ण करून बघू या, हा हट्ट मी मानला नाही. सरावात पूर्ण अंतर चालून मिळतो तो फक्त धीर, आणि त्याची किंमत दोन आठवड्यांचा थकवा. धीर बाईंकडे भरपूर होता.

एकादशी, गोळी आणि पाणी

हा भाग सगळ्यांत नाजूक. बाई दोन गोळ्या घेत होत्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. दुसरी गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. उपास, दहा तास चालणं आणि ही गोळी, तिन्ही एकत्र आले की साखर धोक्याच्या खाली घसरू शकते. यातलं काय बदलायचं हे मी ठरवू शकत नाही, आणि कुठल्याच कोचने ठरवू नये. मी काय करू शकत होते? लांब चालण्याच्या रविवारी आधी, मध्ये आणि नंतर बोटातून घेतलेले साखरेचे आकडे वहीत होते. ती वही घेऊन बाईंना डॉक्टरांकडे पाठवलं. लांब चालण्याच्या दिवशी सकाळची ग्लिमेपिराइड वगळायची, मेटफॉर्मिन चालू, असा निर्णय डॉक्टरांनी घेतला. तोही आधी सरावाच्या रविवारी करून बघितला. हे बाईंपुरतं, बाईंच्या आकड्यांवरून ठरलेलं आहे. वाचणाऱ्याने आपल्या गोळीला हात लावू नये.

उपास सोडा, असं मी एकदाही म्हटलं नाही. एकादशी त्यांची चाळीस वर्षांची आहे. प्रश्न फक्त काय खायचं आणि कधी, एवढाच होता. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्टमय भाग; एका वाडग्याने साखर चढते आणि लवकर भूक लागते. त्यापेक्षा राजगिरा आणि दाणे चांगले, दोन्हींत प्रथिनं आहेत. निघताना राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही, मग दर दीड-दोन तासांनी काहीतरी थोडंसं: राजगिऱ्याचा लाडू, दाण्याची चिक्की, केळं, सैंधव घातलेलं ताक. कमरेच्या बटव्यात ग्लुकोजची पुडी. आकडा ७० च्या खाली गेला किंवा हात थरथरले, घाम फुटला, तर तीन चमचे साखरेएवढं ग्लुकोज, पंधरा मिनिटं बसून पुन्हा तपासणी, आणि चालणं तिथेच बंद. ते मात्र त्यांनी मला शब्द देऊन कबूल करायचं होतं.

मग पाण्याचं निघालं. बाई सहज म्हणाल्या, "पाणी मी कमीच पिणार. बायकांची सोय कुठे असते?" हे मला एकाही पुरुष कोचकडून कधी ऐकायला मिळालेलं नाही, आणि वारीत चालणारी जवळजवळ प्रत्येक बाई हेच करते. पाणी न पिता उन्हात दहा तास, तेही मधुमेहात, म्हणजे चक्कर आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांना आमंत्रण. मग एका रविवारी आम्ही फक्त सोयी बघायला त्या रस्त्याने गाडीवरून गेलो. हडपसरला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं घर निघालं, उरुळीजवळ एक मंगल कार्यालय, वडकीला पालखीसाठी फिरती स्वच्छतागृहं लावतात ती जागा. तीन ठिकाणं पक्की झाल्यावर बाई पाणी प्यायला तयार झाल्या. सहा महिन्यांच्या वजनांपेक्षा त्या दिवशी ही फेरी जास्त उपयोगी पडली असेल, कोण जाणे.

पायात काय घालायचं यावर वेळ घालवत नाही: पाच महिने वापरलेलेच बूट, दोन जादा मोजे, टाचेला आणि बोटांमध्ये व्हॅसलिन, रात्री तळपाय आरशात बघणं.

तो दिवस

बाई पहाटे पूलगेटला दिंडीत शिरल्या. हडपसरला साखर १३१. उरुळीच्या पुढे पावसाची एक सर येऊन गेली, मोजे बदलले. वडकीला मी त्यांना गाठलं तेव्हा आकडा ९२ होता. धोका नाही, पण घाट समोर होता. त्यांना बसवलं, केळं आणि लाडू दिला. त्या बसायला तयार नव्हत्या. दिंडी पुढे जाईल म्हणाल्या. मी म्हटलं, दिंड्या मागून येतच आहेत.

घाटात गर्दीमुळे वेग इतका कमी होता की दमायचा प्रश्नच आला नाही. दमवलं ते थांबण्याने. वळणावर दहा-दहा मिनिटं उभं राहताना पाठ अवघडली, तेव्हा बाई काठीशिवाय काठीचं वाकणं करत होत्या आणि शेजारच्या दोघी वारकरी बायकांना शिकवत होत्या. वर पोचल्यावर आकडा ११८. तिथून सासवडपर्यंतचा सपाट भाग त्यांना सगळ्यांत कठीण गेला. शेवटच्या काही किलोमीटरला डावा पाय लंगडत होता. टाच नाही, कुल्ल्याची बाहेरची बाजू. रात्री त्या सासवडलाच एका नातेवाइकांकडे राहिल्या. दुसऱ्या दिवशी फोनवर पहिलं वाक्य: "जिना उतरले. धरून उतरले, पण उतरले."

नंतरचे आकडे

जुलैत सगळं पुन्हा मोजलं. खुर्चीतून उठणं नऊवरून पंधरा. डाव्या चवड्यावर चारवरून तेरा. कंबर ८६ वरून ८३, वजन ५४ वरून ५५. एचबीएवनसी ७.४ वरून ६.८. या शेवटच्या आकड्याचं श्रेय मी घेत नाही, कारण त्यात आहारतज्ज्ञांचा तक्ता आहे, डॉक्टरांचं लक्ष आहे आणि दर रविवारी साखर मोजणारी, समास आखणारी शिक्षिका आहे. वाढलेला किलो स्नायूचाच आहे असंही छातीठोकपणे म्हणणार नाही. घरात बसून तसं मोजता येत नाही. मांडीचा घेर वाढला आणि कंबर उतरली, एवढं टेपने कळतं.

डाव्या पायावर उभं राहणं सहावरून १९ सेकंदांवर आलं, उजवं ३१ वर. म्हणजे दोन्ही पाय सुधारले आणि दोघांमधली तफावत वाढली. सासवडच्या रस्त्यावर कुल्ल्याची बाहेरची बाजू का बोलली, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. शिवाय डॉक्टरांनी हाडांची घनता तपासली, ती सामान्यापेक्षा कमी निघाली. ठिसूळपणाच्या रेषेच्या अलीकडे, पण कमीच. हाडाला भार लागतो, आणि नुसत्या चालण्याचा भार त्याला पुरत नाही. त्यामुळे आता डंबेलच्या जागी दोन्ही टोकांना वजनं लावायचा लांब दांडा आला आहे, आणि वजन वीस किलोच्या पुढे गेलं आहे.

बाईंना पुढच्या वर्षी आळंदी ते पुणे आणि पुणे ते सासवड दोन्ही टप्पे करायचे आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही. दसऱ्यापर्यंत रविवारचं चालणं दहा किलोमीटरच्या वर जाणार नाही आणि आठवड्यातला एक दिवस फक्त डाव्या कुल्ल्याचा, असं ठरलं आहे. दसऱ्याला डाव्या पायावर २५ सेकंद भरले की आळंदीचं बोलायचं. बाईंनी वहीत ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही मागितली.